जेलरच्या हातात पॅरोल नसतो

"जेलर हाच तुरुंगाचा राजा. खूश झाला तर पॅरोल, बिघडला तर अंधारकोठडी. पोलीसच बदली होऊन तिथं जातात." हा मजकूर मराठवाड्यात गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतोय. हर्सूल कारागृहात ज्याचा पोरगा आहे, तो बाप हे वाचून 'साहेबांपर्यंत पोचवतो' म्हणणाऱ्याच्या हातावर उसने आणलेले पैसे ठेवतो. त्याच्यासाठी हे लिहितोय.

राजा म्हणे! जेलर, म्हणजे तुरुंगाधिकारी, हे मधलं पद आहे. खाली शिपाई, हवालदार, सुभेदार. वर वरिष्ठ तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक आणि कारागृहाचे प्रमुख अधीक्षक. इंग्रजांच्या 1894च्या कायद्यानंही जेलरला अधीक्षकाच्या हुकमाखालीच ठेवलं. वॉरंट, नोंदवह्या, कैद्याच्या जमा केलेल्या पैशांची आणि वस्तूंची जबाबदारी त्याच्यावर. शिस्तभंगाची शिक्षा देणं मात्र अधीक्षकाचं काम. अंधारकोठडीचं म्हणाल तर फाशी सुनावलेल्या कैद्यालाही तुरुंग प्रशासनाला आपल्या मर्जीनं एकांतकोठडीत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये सुनील बत्रा प्रकरणात सांगितलं.

पोलीस बदलीचं तर साफ खोटं. भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, कारागृह शिपाई हे पद वेगळं असतं. खातं गृह विभागाचंच, वर्दी खाकी आणि सर्वोच्च पदावर आयपीएस अधिकारी, म्हणून लोकांची गल्लत होते. कैद्याला तारखेला कोर्टात नेणारं पथक मात्र जिल्हा पोलिसांचं असतं. तारीख हुकली की जेलरला शिव्या घालण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता पॅरोल. सगळ्यात जास्त लूट इथंच होते. संचित रजा, म्हणजे फर्लो, कारागृह उपमहानिरीक्षक मंजूर करतात. नियमित अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, विभागीय आयुक्तांकडून मिळते आणि त्यासाठी गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. जवळचं माणूस वारलं तर मिळणाऱ्या आकस्मिक रजेचा अधिकार अधीक्षकांना आहे. यात जेलरची सही निर्णयाची नसते. ज्याचा खटला अजून चालू आहे त्या कच्च्या कैद्याला तर या रजा लागूच नाहीत. त्याची सुटका जामिनावर, आणि जामीन न्यायालयच देतं.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला तिथं मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987च्या कायद्यानं दिला आहे. अर्ज खुद्द कैद्यालाही कारागृहातून पाठवता येतो.