जागा आपली असली म्हणून शेजारची खिडकी बुजवता येत नाही

दिवाळीपासून आमच्या वर्धा जिल्ह्यात, गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: नमुना आठवर जागा तुमच्या नावाची आहे ना, मग हद्दीवर हवी तेवढी उंच भिंत घ्या. उजेडावर कोणाचा हक्क नसतो. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली की विषय संपला. आणि भिंत एकदा उभी राहिली की कोर्टही तिला हात लावत नाही.

माझ्या मावशीच्या सयपाकघराला एकच खिडकी. तिच्यापासून वीतभर अंतरावर आता विटांची भिंत आहे. तुरीची डाळ निवडायची तर मावशी सूप घेऊन छपरीत येते. भर दुपारी भाकरी टाकायला बल्ब लागतो, लाइन गेली की हात थांबतात. "दिवसाच लाइट लावा लागते मले," म्हणते. भिंत बांधणाऱ्याशी बोलायला गेलो, तर त्याने हाच मेसेज पुढे केला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"उजेडावर हक्क नसतो." असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम १५. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जागेच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जागेवर असलेला हक्क. घरात येणारा उजेड-वारा सलग २० वर्षं, भांडणतंट्याशिवाय आणि खंड न पडता, हक्काने घेतला असेल तर तो हक्क पक्का होतो. शेजाऱ्याशी करार करून, त्याच्या परवानगीने घेतलेला उजेड यात धरत नाहीत. अडवणारी जागा सरकारी असेल तर मुदत ३० वर्षं. असले कायदे शहरवाल्यांसाठी असतात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते तर साफ चूक. १८८२ साली हा कायदा लागू झाला तो मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्यात. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला.

आणि कधीकधी २० वर्षंही लागत नाहीत. एकाच वाड्याची भावाभावांत वाटणी झाली, एकाला घर आलं, दुसऱ्याला लगतची मोकळी जागा. घराच्या खिडक्या त्या जागेकडे उघडतात आणि वाटणीच्या वेळी घर जसं वापरात होतं तसं वापरायला तो उजेड लागतोच. अशा वेळी कलम १३ प्रमाणे उजेडाचा हक्क घरासोबत येतो, वाटणीपत्रात वेगळं काही ठरलं नसेल तर. गावातली निम्मी भांडणं याच जातीची असतात, पण त्या मेसेजमध्ये वाटणीचा उल्लेखसुद्धा नाही.

"नमुना आठवर नाव आहे." नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. मालकी खरी असली तरी तिच्यावर शेजाऱ्याच्या सुविधाधिकाराचा बोजा असू शकतो.

"ग्रामपंचायतीची परवानगी आहे." ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खालची ती परवानगी बांधकामापुरती असते. शेजाऱ्याचा दिवाणी हक्क ठरवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा.

"भिंत उभी राहिली की संपलं." हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो वाचून माणूस घरी बसतो. काम चालू असताना मनाई हुकूम मागता येतो. भिंत झाली असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली ती काढण्याचा हुकूम मागता येतो, नाहीतर नुकसानभरपाई. मात्र वेळ घालवू नका. अडथळा कळूनही वर्षभर निमूट सोसला, तर कायदा त्याला खंड मानतो. शिवाय ती २० वर्षं दाव्याच्या आधीच्या २ वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. आणि रागाच्या भरात सब्बल घेऊन भिंत पाडायला जाऊ नका. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ३६ ने ते हक्कदारालाही मना केलं आहे.

मेसेजमध्ये थोडं खरंही आहे, ते लपवत नाही. उजेड जरा कमी झाला एवढ्याने दावा टिकत नाही. घराची किंमत बऱ्यापैकी घटली, राहण्याच्या सुखाला मोठी बाधा आली किंवा नेहमीचा धंदा पूर्वीसारखा चालेना, असं काही दाखवावं लागतं. उघड्या जमिनीला तर वहिवाटीने असा हक्क मिळतच नाही, कलम १७ तसं स्पष्ट सांगतं. अंगणात चाळीस वर्षं कुरड्या-पापड वाळवले आणि आता तिथे दिवसभर सावली पडते, तरी २० वर्षांचा मुद्दा तिथे चालत नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाने पऱ्हाटीच्या चार ओळी खुरटल्या, तिथेही नाही. मला हे बरोबर वाटत नाही, पण आज कायदा असा आहे.

मावशीची गोष्ट अंगणाची नाही, सयपाकघराची आहे. प्रश्न फक्त एवढाच होता की खिडकी २० वर्षांपासून आहे हे दाखवायचं कसं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या साक्षीला तयार आहेत. आणि परवा मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम सापडला, १९९८ चा. हळदीच्या दिवशी बायका सयपाकघरात पाटावर बसल्या आहेत, मागे तीच खिडकी सताड उघडी, आणि उन्हाची पट्टी थेट चुलीपर्यंत आलेली. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आहे, तारखेसकट. भिंतीला आता पाच महिने झालेत. सोमवारी तो अल्बम घेऊन तालुक्याला वकिलाकडे जातो आहे.