गोटे आणि सिरा
लेखात कायूस वाईनरीच्या सिरा या रेड वाईनबद्दल 'दगडाची चव वाईनमध्ये उतरते' असं लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. दगड काय मुळातून वर चढतो का? त्याचं काम वेगळं, पाणी झरकन खाली जातं आणि दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळी वेलींना ऊब देतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सिएटलहून मिल्टन-फ्रीवॉटरला, म्हणजे कायूसचे मळे आहेत त्या गावी गेलेलो, तिथे माती अक्षरशः शोधावी लागते, नारळाएवढे गुळगुळीत गोटे, चालताना पाय मुरगळता मुरगळता वाचला, आणि सगळं बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच दगड फक्त नदीने घासून गोल केलेला! आधी तिथे सफरचंद-चेरीच्या बागा होत्या, कायूस सुरू करणाऱ्या ख्रिस्तोफ बॅरनला १९९६ मध्ये हे गोटे दिसले आणि १९९७ मध्ये त्याने द्राक्षं लावली. २०१५ मध्ये या गोट्यांच्या पट्ट्याला 'रॉक्स डिस्ट्रिक्ट' नावाने वाईनचा प्रदेश म्हणून वेगळी ओळख मिळाली. आणि हो, हा पट्टा वाला वाला खोऱ्यातला, आणि वाला वाला म्हटलं की लोक वॉशिंग्टन राज्यच समजतात, हा तुकडा पूर्ण ओरेगनमध्ये आहे.

चव म्हणाल तर काळे ऑलिव्ह, धुरावलेलं मटण. बायको ग्लास हुंगून म्हणाली, लोणच्याची बरणी उघडलीस का 😄 नाशिकची शिराज हीच द्राक्षं बरं का, पण ती पिणाऱ्याला ही ओळखू येणार नाही.