मजुरीचा सौदा चारचौघांत व्हावा

पाडव्याला सालगडी ठरतो, हे मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. वर्षाची रक्कम, वर धान्य, कपडालत्ता. बोलणी होतात मालकाच्या ओसरीवर. इंग्लंडमध्ये मात्र अशी बोलणी कित्येक शतकं भर बाजारात झाली, आणि तिथल्या शेतमजुराला जे थोडंफार बळ मिळालं ते या उघडेपणातून, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात झाली ती मजुरांना जखडण्यासाठी. १३४८ च्या प्लेगात इतकी माणसं मेली की उरलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले. मग १३५१ च्या कायद्यानं मजुरी जुन्या दरावर बांधली आणि फर्मावलं, की मजुरानं अवजारं हातात घेऊन बाजारगावात उघड्यावर उभं राहायचं, खासगीत काम धरायचं नाही. १५६३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या कायद्यानं वर्षभराच्या चाकरीचा नियम घट्ट केला. पुढं याच्याच जत्रा झाल्या. उत्तरेत नोव्हेंबरात मार्टिनमसच्या सणाला, मधल्या भागात सप्टेंबरअखेरच्या मायकलमस सणाच्या सुमारास. मेंढपाळ टोपीत लोकर खोचून उभा, गाडीवान चाबकाची दोरी लावून. सौदा जुळला की हातावर एक नाणं पडायचं. ते घेतलं की वर्ष बांधलं गेलं.

पण हजारभर गडी एका चौकात जमले की ते एकमेकांशी बोलणारच! कोणत्या मळ्यावर पोटभर जेवायला मिळतं, कोणता मालक हात उगारतो, यंदा किती मागायचे, सगळं तिथंच कळायचं. मालक गड्याला पारखायचा तसा गडीही मालकाला पारखायचा. एकोणिसाव्या शतकात पाद्री मंडळींनी या जत्रांना गुलामांचा बाजार म्हटलं, दारू आणि अनाचारावर बोट ठेवलं, नोंदणी कचेऱ्या काढल्या. गडी तरी जत्रेतच जात राहिले. मला त्यांचं पटतं. कचेरीत जुन्या मालकाचा दाखला बोलतो, चौकात गडी स्वतः बोलतो.

याचा अर्थ सगळं गोड होतं असा नाही. चाकरी अर्धवट सोडली तर गड्याला तुरुंग आणि मालकानं शब्द मोडला तर फार तर भरपाई, हा कायदा १८७५ पर्यंत टिकला. पूर्ण वर्ष भरलं तर गड्याला त्या गावात गरिबांच्या मदतीचा हक्क मिळायचा, म्हणून मालक ५१ आठवड्यांचाच करार करायचे. (२४० दिवस भरू नयेत म्हणून मधेच ब्रेक देणारे आपले ठेकेदार आठवले ना?) आणि आयर्लंडच्या उत्तरेला, स्ट्रॅबेन-लेटरकेनीच्या बाजारात, डोनेगलच्या गरीब घरातली लहान लहान पोरं काखेत गाठोडं घेऊन सहा महिन्यांच्या बोलीवर उभी राहायची. त्याचं समर्थन कुणी करू नये.

या जत्रा हळूहळू विरल्या. दक्षिणेत धान्य महागल्यावर मालकांना गडी घरात ठेवून जेवू घालणं परवडेना, ते आठवड्याच्या मजुरीवर आले. पुढं वर्तमानपत्रातल्या जाहिराती आल्या, यंत्रं आली, १९१७ मध्ये शेतमजुरीचा किमान दर कायद्यात आला. यॉर्कशरच्या पूर्वेला प्रथा विसाव्या शतकातही बरीच वर्षं रेंगाळली. स्ट्रॅटफर्डला अजून ‘मॉप’, म्हणजे गडी ठरवण्याची जुनी जत्रा, भरते, पण आता तिथं फक्त पाळणे फिरतात.

आपल्याकडं आज मजूर बांधलेला आहे आणि चौक नाही. ऊसतोडीचा टनाचा दर संघटना आणि साखर संघ बसून ठरवतात, तो पेपरात येतो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मात्र टोळी जमवणारा मुकादम आणि कोयता, म्हणजे तोडणीची नवराबायकोची जोडी, यांच्यात, घरात, अडचणीच्या वेळी ठरते. शेजारच्या जोडीला किती मिळाली, मागची किती फिटली, किती पुढच्या हंगामावर चढवली, याचा मेळ दोन घरांत बसत नाही. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ पासून आहे, पण बंद दाराआडचा हिशेब त्याला कसा दिसणार? बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या गावांनी टोळ्या निघण्याआधी ग्रामसभा घ्यावी आणि प्रत्येक जोडीची उचल, जुनी बाकी आणि मुकादमाचं कमिशन तिथं मोठ्यानं वाचावं. पंचायतीनं त्यावर शिक्का मारावा आणि एक प्रत मजुराच्या हातात द्यावी, नवराबायको दोघांच्या नावानं.