मदनवर पाणी गृहीत धरू नका
सह्याद्रीतल्या अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक दोन दिवसांत कसा करावा हे लेखात छान सांगितलंय, पण पाण्याचा मुद्दा निसटला. मदनवरची टाकी उन्हाळ्यात कोरडी पडतात, म्हणून अलंगवरून निघतानाच बाटल्या गच्च भरून घ्या. इंग्रजांनी सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी कातळावर बुटाचं टोक जेमतेम मावेल एवढ्याच खोबणी उरल्यात. तिथे हार्नेस (दोराला जोडायचा कमरपट्टा), हेल्मेट आणि बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, जाणता माणूस हवाच हवा. कुलंगला दोर लागत नाही, पण तो चढ संपता संपत नाही, आणि येतो नेमका पाय थकल्यावर! तेव्हा जमत असेल तर तीन दिवस काढाच. पायथ्याच्या आंबेवाडीतला वाटाड्या सोबत घ्या, ढोरवाटांमध्ये नवखा माणूस हमखास चुकतो. आणि भर पावसात हा ट्रेक नकोच, कृपा करून.