१० लिटरचे कॅबिनेट

संगणकाचे कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात, हे मी घरात पहिल्यांदा सांगितले तेव्हा आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "यामा तेल कितलं मावस?" चाळीसगावात उभा जन्म किराणा दुकानाच्या गल्ल्यावर काढलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्तच होता. ज्या वस्तूला लिटरचे माप लावायचे तिच्यात काहीतरी ओतता आले पाहिजे, आणि मी तर अशी पेटी विकत घ्यायला निघालो होतो, की तिच्यात चमचाभर पाणी सांडले असते तरी माझ्या दोन वर्षांच्या बचतीला तिलांजली द्यावी लागली असती.

गरज साधी होती. नोकरी पुण्याला, घर चाळीसगावला आणि गेम खेळायचा संगणक लोखंडी कपाटाच्या धाकट्या भावासारखा. तो दर महिन्याला रेल्वेतून नेणे शक्य नव्हते. लॅपटॉप घे, असे सांगणारे पुष्कळ भेटले. परंतु पुढे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रे पडद्यावर उमटवणारा भाग, बदलता येत नाही आणि मांडीवर ठेवला तर त्यावर भाकरी शेकता येईल, या दोन कारणांनी तो मार्ग मी बंद केला.

लहान कॅबिनेटचे सारे गणित मदरबोर्डपासून, म्हणजे बाकीचे भाग ज्याला जोडतात त्या पाटीपासून, सुरू होते. १९९५ साली इंटेलने आणलेला एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. व्हिया कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स नावाचा १७० मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असा चौकोनी बोर्ड आणला, आणि तेव्हापासून जगातील काही माणसांना संगणक लहान करण्याचे वेड लागले. कूलर मास्टर कंपनीचे एनआर२०० हे कॅबिनेट १८.२५ लिटरचे आहे, तर डॅन ए४-एसएफएक्स हे अवघ्या ७.२ लिटरचे. आप्पांनी लगेच तोंडी हिशेब केला, की १५ किलोचा तेलाचा डबा साधारण १६ लिटरचा, म्हणजे पहिले त्याच्यापेक्षा मोठे आणि दुसरे त्याच्या निम्म्याहून लहान. तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येक कॅबिनेटचा आकार 'डब्यात' सांगितला जाऊ लागला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कंपन्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा मला ते माप अधिक कळू लागले.

आप्पांनी आणखी एक गोष्ट पकडली. काही कंपन्या लिटर सांगताना खालचे पाय आणि मागे बाहेर आलेले भाग हिशेबात धरत नाहीत. "मापात पाप," एवढे बोलून आप्पांनी त्या संपूर्ण उद्योगाचा निकाल लावला.

पुढचा पेच कूलरचा होता. दहा लिटरच्या आसपासच्या पेटीत प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाच्या मेंदूवर, बसणारा कूलर किती उंच असावा, यावर कडक बंधन असते. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९आय तर पंख्यासकट ३७ मिलिमीटरचा आहे. मी फोनवर मित्राला "सदतीस मिलिमीटरचा कूलर मिळतो" असे सांगत असताना आप्पा खिडकीत बसवलेल्या आमच्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते. त्या पत्र्याच्या पेटीत धाकटी भाची उभी राहू शकते. त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्या अंगठ्याएवढ्या उंचीच्या त्या पंख्याचे चित्र पाहिले आणि म्हणाले, "हाऊ काय कूलर शे?"

या थट्टेत थोडे शास्त्रही होते, हे मला मान्य करावे लागेल. संगणकातला कूलर हवा थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, आणि खोलीतली हवाच तापलेली असेल तर प्रोसेसरचे तापमान त्याच्यावरूनच पुढे मोजायचे. मे महिन्यात खानदेशात पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा माळ्याखालच्या माझ्या खोलीत बसलेल्या त्या बिचाऱ्या प्रोसेसरची शर्यत आधीच अर्ध्यातून सुरू होते. शंभर अंशांच्या जवळ गेल्यावर तो आपला वेग आपणच कमी करतो, जसे आमच्या गल्लीत दुपारी बारानंतर सगळेच करतात. त्यामुळे काचेच्या बाजू असलेली सुंदर कॅबिनेटे मी यादीतून काढली आणि दोन्ही बाजूंना छिद्रांचा पत्रा असलेलीच ठेवली.

आतली मांडणी मात्र माझ्या मनात भरली. अशा पेटीत बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसवतात आणि दोघांमध्ये रायझर केबल नावाची चपटी तार असते. शेताच्या बांधावरून वाद असलेले दोन चुलतभाऊ एकाच वाड्यात राहतात आणि निरोप तिसऱ्याच्या तोंडून पाठवतात, तसाच हा संसार. हा तिसरा, म्हणजे ही तार, जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा असला तर निरोप पोहोचत नाही आणि पडदा काळा राहतो. मग सेटिंगमध्ये जाऊन वेग एक पिढी खाली आणावा लागतो. वीज पुरवणारा एसएमपीएसही एसएफएक्स जातीचा, म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा लागतो, आणि तितक्याच वॅटच्या मोठ्या एसएमपीएसपेक्षा तो महाग पडतो. कमी लोखंडाचे जास्त पैसे, हे आप्पांना मी सांगितलेच नाही.

शेवटी ३३ बाय १४ बाय २२ सेंटिमीटरचे, जेमतेम दहा लिटरचे एक कॅबिनेट नक्की केले. मागवण्याआधी माप पाहावे म्हणून मायच्या शिलाईच्या डब्यातला टेप घेतला आणि केळीच्या वेफर्सचा रिकामा खोका कापून त्याच मापाची पुठ्ठ्याची प्रतिकृती बनवली. दोन्ही बाजूंना दाभणाने छिद्रे पाडली. माझे ३०५ मिलिमीटरचे कार्ड आत अलगद बसले, आणि तेवढ्यात लक्षात आले, की त्याच्या वरच्या कडेतून निघणारी विजेची तार पुठ्ठ्याला टेकून मान मोडल्यासारखी वाकली आहे. कार्डाची लांबी सगळे सांगतात, तारेच्या वळणाला लागणारी दोन बोटे जागा कोणी सांगत नाही. मी दोन दिवस त्या खोक्यासमोर बसून नवीन कार्ड घ्यावे, की मोठे कॅबिनेट घ्यावे, की गेम खेळणेच सोडावे, याचा विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी पुण्याला निघायचे होते. सकाळी पाहतो तर खोका जागेवर नाही. मायने त्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, उभे, पाठीला पाठ लावून रचले होते, मध्ये वर्तमानपत्राचा पडदा घालून पलीकडे शेवयांची पुडी बसवली होती, आणि बिबडे सादळतील म्हणून माझी सगळी छिद्रे चिकटपट्टीने नीट बंद केली होती. खोका रेल्वेच्या बाकाखाली सहज सरकला आणि पुण्यापर्यंत एकही बिबडा मोडला नाही.

पोहोचल्याचे कळवायला फोन केला तेव्हा मायने बिबड्यांची चौकशी केली, खोक्याची तारीफ केली आणि म्हणाली, "पुढला खेपले जरासा मोठा आन."