बेलेमचा बुरूज बाहेरूनच का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लिस्बनमधल्या तीन दिवसांवरचा माझा लेख सोबत घेऊन तुम्ही आणि काकू जाऊन आलात आणि हिरमोड होऊन परतलात, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या तक्रारी चार आहेत. चढउतारांची नीट कल्पना दिली नाही आणि दुसऱ्याच दिवशी काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. रेस्टॉरंटमध्ये न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवले आणि ते बिलात लावले. शाकाहारी माणसाने काय खायचं, हे लेखात कुठेच नाही. आणि सर्वांत राग आला तो ‘बेलेमचा बुरूज बाहेरून पाहा, सिंत्रा पुढच्या वेळी’ या सल्ल्याचा (बुरूज म्हणजे तेजू नदीकाठचा जुना किल्लेवजा मनोरा, सिंत्रा म्हणजे लिस्बनजवळचं डोंगरावरच्या राजवाड्यांचं गाव). इतका खर्च करून गेल्यावर दारातून परत का फिरायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या तीन गोष्टींत चूक माझी आहे. चौथीत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

चढांबद्दल मी ‘सात टेकड्यांचं शहर’ एवढंच लिहून पुढे गेले. ते पुरेसं नव्हतं. तिथल्या फुटपाथवर चुनखडीचे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की उतारावर पाय ठरत नाही. गुडघ्यांना चढापेक्षा हा उतार जास्त छळतो. म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत, आणि चढायचं काम शहराकडून करून घ्यायला हवं.

ते करून घेता येतं. प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी नेते. बायशा या सपाट भागातून रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीतली सार्वजनिक लिफ्ट वर नेते. तिथून थोडं चाललं की दुसरी लिफ्ट आहे, खाली सुपरमार्केट असलेल्या इमारतीत. दोन्ही फुकट. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने तर तिकीट न काढताही वापरता येतात. खालच्या दाराने आत शिरायचं आणि टेकडीवरच्या शियादूत बाहेर पडायचं. तिथून कार्मूचा मठ काही मिनिटांवर. सांता जुश्ताच्या १९०२ सालच्या प्रसिद्ध लोखंडी लिफ्टसाठी लोक तासभर रांगेत उभे राहत आलेत, तिचा वरचा पूल या मठालाच लागून आहे.

कार्मूच्या चर्चला छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत आला, आणि मग आग लागली. कार्मूचं छप्पर कोसळलं, पुढे चर्च पुन्हा बांधायला घेतलं पण काम अर्धवट राहिलं, आणि ते तसंच उघडं ठेवलंय. त्या कमानींखाली उभं राहिलं की खाली बायशाचे सरळ काटकोनी रस्ते इतके वेगळे का, हे आपोआप कळतं. तो सगळा भाग भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली नव्याने आखला गेला. काकू हे बसल्या बसल्या पाहू शकल्या असत्या. हे लेखात नव्हतं, याची मला खरंच खंत आहे.

पाव-ऑलिव्हचं असं. त्याला तिथे ‘कोव्हेर’ म्हणतात. पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज, न मागता टेबलावर येतं. खाल्लं तर पैसे पडतात. नको असेल तर हात न लावता ‘नको’ म्हणायचं, ते उचलून नेतात, आणि मग बिलात लागायला नको. लागलंच तर दाखवून काढून घ्यायचं. ही फसवणूक नाही, तिथली रीत आहे, पण ती आधी सांगणं माझं काम होतं. (पाव हा शब्द आपल्याकडे त्यांच्याकडूनच आला. बटाटा, काजू, अननस, चावीही. तिथली मेनूकार्डं आणि दुकानांच्या पाट्या वाचताना ओळखीचे शब्द भेटत राहतात, तो आनंद वेगळा.)

शाकाहाराबद्दल: साध्या जेवणघरांत भाज्यांचं सूप बहुतेक रोज असतं, पण रस्सा नुसत्या भाज्यांचा आहे का, हे विचारून घ्या. काल्दू व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप नावाने हिरवं असलं तरी त्यात डुकराच्या सॉसेजची चकती घालतात. कॅफेच्या काचेमागे ‘शामुसा’ दिसेल. तो आपलाच समोसा, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. आणि पाश्तेल द नाता या छोट्या टार्टच्या पिवळ्या सारणात अंड्याचा बलक असतो. अंडं चालत नसेल तर तेही नको. चालत असेल तर ‘बिका’ मागवा, म्हणजे छोट्या कपातली कडक कॉफी, आणि काउंटरवर उभ्याने प्या. बाहेरच्या टेबलावर तीच कॉफी बऱ्याचदा महाग पडते.

आता बुरूज. काका, तुमची पहिली आणि चौथी तक्रार शेजारी ठेवून पाहा. बेलेमच्या बुरुजात वर जायला अरुंद गोल जिना आहे, इतका अरुंद की चढणारे आणि उतरणारे एका वेळी मावत नाहीत. त्यासाठी बाहेर उन्हात रांग. ज्या गुडघ्यांनी आल्फामा या चढउतारांच्या जुन्या वस्तीत हात टेकले, त्यांना मी त्या जिन्यावर पाठवलं असतं तर ते माफ करण्यासारखं नव्हतं.

आणि बाहेरून पाहण्यात कमीपणा नाही. त्या बुरुजावरची मला सगळ्यात प्रिय गोष्ट बाहेरूनच दिसते. कोपऱ्यातल्या एका छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलंय. दगड झिजलाय, डोळे ताणून शोधावं लागतं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा गोव्यातून जहाजात चढवला गेला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. तेव्हा हा बुरूज बांधला जात होता. आपल्या किनाऱ्यावरून निघालेला तो प्राणी पाचशे वर्षं त्या नदीच्या तोंडाशी उभा आहे. मी पहिल्यांदा तो शोधला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते.

वाचलेला वेळ जेरोनिमुश मठाला द्या. बेलेम नदीकाठी सपाट आहे, काइश दु सोद्रे स्टेशनहून ट्राम किंवा लोकल थेट जाते. मठातलं दुमजली अंगण सावकाश फिरण्यासारखं आहे, आणि चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. सोमवारी मठ बंद असतो. जवळच १८३७ पासून चालणारं पाश्तेलचं दुकान आहे. बाहेरची लांब रांग पार्सलची असते. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसून गरम खा, वर दालचिनी भुरभुरून.

सिंत्रा सुंदर आहे, वाद नाही. पण रोसियू स्टेशनहून रेल्वेने चाळीसेक मिनिटं, मग डोंगरावरच्या राजवाड्यापर्यंत बस, मग रांग, आणि तेच उलट. तीनातला एक अख्खा दिवस गेला. पाच दिवस असते तर मीच सांगितलं असतं, जा. तीन दिवसांत मला तो दिवस लिस्बनलाच द्यावासा वाटतो: सकाळी आल्फामा वरून खाली, दुपारी विश्रांती, संध्याकाळी काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासिल्यासची फेरी. दहा मिनिटांचा प्रवास, पण टेकड्यांवर चढलेलं शहर एकदम समोर येतं, पायांना काहीही त्रास न होता. तुम्हाला आवडत असेल तर परत आल्यावर रोसियूजवळच्या टपरीवजा दुकानात आंबट चेरीची गोड दारू, जिंजिन्या, अगदी छोट्या पेल्यात. चेरीसह की चेरीशिवाय, एवढंच विचारतात.

लिफ्ट, सरकते जिने, कोव्हेर आणि शाकाहाराची माहिती आजच मूळ लेखात घातली आहे. बुरुजाचा आणि सिंत्राचा परिच्छेद तसाच ठेवलाय, फक्त त्या जिन्याचा उल्लेख वाढवलाय. काकूंचे गुडघे आता कसे आहेत, तेवढं जरूर कळवा.