उरलेली सोळा मुलं

"बाबा, 500 पूर्ण वर्ग आहे का रे?" आठवीतल्या कन्येने विचारलं तेव्हा मी नुकताच ताटावरून उठलो होतो. जेवलेला माणूस बेसावध असतो. म्हणालो, "आहे की! शेवटी दोन शून्यं आहेत."

"मग वर्गमूळ सांग."

मी पंख्याकडे पाहिलं. विसाचा वर्ग 400, तिसाचा थेट 900. मधे कुठेतरी 500 चा पत्ता असणार.

"शून्यं जोडीने आली म्हणून काय झालं? पुढचा 5 नको का वर्ग असायला?" असं म्हणून तिने मला नियम शिकवायला घेतला. शेवटी 2, 3, 7 किंवा 8 असेल तर ती संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. मला हे एकदम आवडलं. न मोजता माणसं बाद करायची सोय! मी घरभर सुटलो. फ्लॅट 703, बाद. विजेचं बिल 1847, बाद. माझं वय 47, तेही बाद. "दोन वर्षं थांब, 49 होशील," कन्येने धीर दिला. त्यानंतर मात्र थेट 64. पुढचा वर्ग दर वेळी आणखी दोन वर्षांनी लांबतो, हे या वयात कळायला नको होतं.

दुधाचं बिल निघालं 1936. शेवटी 6! मी टाळी वाजवणार, तोच ती म्हणाली, "26 पण 6 नेच संपतो." मग अवयव पाडायला बसलो. दोनाने भाग, पुन्हा दोनाने, असं चार वेळा. उरले 121. दोनांच्या दोन जोड्या लागल्या आणि अकराला अकरा मिळाला, तेव्हा भाचीचं लग्न जमल्याइतका आनंद झाला. 44 चा वर्ग! दूधवाल्याला बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

पण खरं गणित पुढेच होतं. 500 मुलांना कवायतीसाठी चौरसात उभं करायचं, तर किती उरतील? 22 चा वर्ग 484. उरले 16. उत्तर संपलं, वही मिटली.

मला मात्र मिटवेना. शाळेत कवायतीला मी कायम त्या उरलेल्यांत असायचो. सर म्हणायचे, "तुम्ही पाण्याच्या टाकीजवळ थांबा." पंधरा ऑगस्ट मी टाकीच्या सावलीत साजरे केलेत.

"घ्या की आणखी एक रांग," मी म्हणालो.

"एका रांगेने भागत नाही," आई म्हणाली. ती सकाळच्या रांगोळीचे ठिपके कागदावर काढून बघत होती. चार बाय चार झाले होते. तिने उजवीकडे चार दिले, खाली चार आणि कोपऱ्यात एक. सोळाचे पंचवीस झाले. "दोन्ही अंगांनी वाढवावं लागतं, आणि कोपरा विसरायचा नाही. तुझ्या बाविसाला 45 पोरं लागतील. आहेत सोळा."

म्हणजे 29 कमी. मी पुन्हा टाकीजवळ.

आईने माझ्याकडे पाहिलं. "अरे, सोळांचा चार-चारचा वेगळा काढ ना. एवढं तोंड काय पाडतोस?"

मी कन्येची वही उघडली आणि उत्तराशेजारी समासात सोळा ठिपके काढले. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा जरा ठसठशीत काढला.

"बाबा, बाई ओरडतील," म्हणत ती खोडरबर शोधायला लागली.